जांभळाची वाईन घरी: गोव्याच्या हवेत जमणारी पद्धत

नेटवर वाईनच्या ज्या रेसिप्या मिळतात त्या बहुतेक थंड हवेच्या देशात बसून लिहिलेल्या असतात, त्यात बादली घरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवा असं सांगितलेलं असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात अख्खं घरच उबदार असतं, कोपरा कसला शोधताय. दुसरीकडे आपली गोव्यातली नाताळची घरगुती रेसिपी: एक किलो काळी द्राक्षं, एक किलो साखर, दीड लिटर पाणी, मूठभर गहू, थोडं पावाचं यीस्ट, सगळं चिनी मातीच्या भरणीत घालून एकवीस दिवस रोज ढवळायचं. वाईन होते, गोड लागते, सगळे पितात. पण हिशोब केला तर त्यात लिटरमागे ४०० ग्रॅमच्या आसपास साखर पडते. एक टक्का अल्कोहोल व्हायला लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर लागते, म्हणजे ती सगळी साखर संपवायची तर यीस्टला २३ टक्क्यांपर्यंत जावं लागेल. पावाचं यीस्ट त्याच्या निम्म्यावरच मान टाकतं, आणि उरलेली साखर तशीच राहते. घरची वाईन सरबतासारखी लागते ती त्यामुळे.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की गोव्यात वाईन करताना दोन गोष्टी सांभाळा, साखर मोजून घाला आणि तापमान ३० च्या वर जाऊ देऊ नका. बाकी बऱ्याच चुका वाईन पोटात घालते, या दोन घालत नाही.

जांभूळच का? कारण वाईनची द्राक्षं आपल्याकडे होत नाहीत, इथल्या पावसात आणि दमटपणात वेलीला बुरशीचे रोग लागतात, बाजारात येतात ती घाटावरची किंवा कर्नाटकातली. जांभूळ मात्र आपलं आहे. मे उजाडला की डिचोली, सत्तरी, पेडण्याकडे रस्त्याच्या कडेला पाटीत घेऊन बसलेल्या बायका दिसतात, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातही ढीग असतात. शिवाय जांभळात रंग आहे, आंबटपणा आहे आणि घसा धरणारं टॅनिन आहे, म्हणजे रेड वाईनला जे लागतं ते बरंचसं फळातच आलं. फक्त साखर कमी असते, साधारण १० ते १४ टक्के, ती वरून द्यावी लागते. काजूच्या बोंडूचीही वाईन होते पण निरो म्हणजे बोंडूचा ताजा रस काही तासांतच फसफसायला लागतो आणि तुरटपणा काढणं हे वेगळंच प्रकरण आहे, त्याबद्दल परत कधीतरी.

कायद्याचं आधीच सांगतो. विकायची असेल तर अबकारी खात्याचा परवाना लागतोच, आणि घरापुरती करणार असाल तरी आपल्या तालुक्याच्या अबकारी कार्यालयात नियम विचारून घ्या, विचारायला पैसे पडत नाहीत. गोव्यात पिण्याचं वय २१ आहे. आणि भट्टी लावायचा विचारसुद्धा नको. साध्या आंबवलेल्या फळाच्या वाईनमध्ये मिथेनॉल अगदी थोडं असतं, धोका वाढतो तो उकळून वाफ धरायला गेलं की, आणि ते काम परवानावाल्या फेणीवाल्यांचं.

सामान काय लागेल

५ लिटर वाईनसाठी: पिकलेली जांभळं अडीच किलो, पाणी साडेतीन लिटर, साखर एक किलोच्या आसपास (नेमकी किती ते हायड्रोमीटर, म्हणजे रसाची घनता मोजणारी काचेची नळी, सांगेल), वाईन यीस्टचं एक पाकीट, पेक्टिनेज म्हणजे फळातलं पेक्टिन तोडून वाईन नितळ करणारं एन्झाइम, यीस्टचं खाद्य म्हणजे फूड ग्रेड डीएपी, आणि केएमएस म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, स्क्वॅश टिकवायला वापरतात तेच. डीएपी खताच्या दुकानातून आणू नका हो, ते शेतासाठी असतं.

भांडी: झाकणाची १० लिटरची फूड ग्रेड बादली, ५ लिटरची अरुंद तोंडाची काचेची बरणी म्हणजे कारबॉय, एअरलॉक म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारं पण बाहेरची हवा आत न घेणारं बूच, सायफनची नळी, मलमलचं कापड, हायड्रोमीटर आणि त्याची उभी नळी, थर्मामीटर, पीएच पट्ट्या. यातलं बहुतेक ऑनलाइन मिळतं आणि एकदाच घ्यावं लागतं. हायड्रोमीटर टाळू नका, तो नसेल तर तुम्ही अंदाजाने सरबत आंबवताय. लोखंड, ॲल्युमिनियम, पितळ, तांबं या धातूंना जांभळाचा आंबट रस लावायचा नाही, आजीचं तांब्याचं भाणं कितीही सुंदर असलं तरी. स्टील, काच, फूड ग्रेड प्लास्टिक चालेल.

यीस्टबद्दल जरा थांबतो कारण इथे गोव्याचा प्रश्न येतो. लाल्विन ईसी-१११८ हे यीस्ट १० ते ३० अंशांत काम करतं, १८ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल सोसतं आणि सहसा अडकत नाही, पहिल्यांदा करणाऱ्याने तेच घ्यावं. ७१बी जांभळाला जास्त छान शोभतं, फळाचा वास राखतं, पण तेही ३० पर्यंतच. डी-४७ ला १५ ते २० अंश लागतात, त्याच्या नादाला एसी चोवीस तास चालवायची तयारी असेल तरच लागा.

फळ आणि फ्रीजर

मेमध्ये जांभळं येतात आणि मेमध्येच खोलीचं तापमान ३३-३४ असतं, वर आंबताना बादली स्वतःची चार-पाच अंश उष्णता तयार करते. यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे त्या दिवसांत वाईन करूच नका. जांभळं आणा, निवडा, धुवा, पुसून कोरडी करा, पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये टाका. पाऊस लागला, जुलै-ऑगस्टमध्ये दिवसाचं तापमान २८-२९ वर आलं की काढा. याचा दुसरा फायदा पहिल्यापेक्षा मोठा आहे, गोठल्यावर फळातलं पाणी प्रसरण पावतं, पेशी फुटतात, आणि वितळल्यावर गर हाताने दाबला की बियांपासून अलगद सुटतो, रंगही भरपूर उतरतो.

निवडताना झाडाखालची फुटलेली, आंबूस वास येणारी, अळी पडलेली फळं बाजूला काढा. एक किलोत दहा खराब असली तरी व्हिनेगरचे जिवाणू तुमच्या बादलीत शिरतात. मोठी लांबट जांभळं गराला चांगली, रानातली बारकी गोल जास्त तुरट, दोन्ही मिसळून घेतली तर वाईनला अंगही येतं आणि तोंड फार आखडतही नाही.

मिक्सरला लावायची नाहीत. बी फुटली की जो कडूपणा उतरतो तो नंतर कशानेही जात नाही. हातमोजे घाला, नाहीतर आठवडाभर ऑफिसात बोटं लपवावी लागतील, आणि बादलीत घालून चुरा. आणि फळ उकळायचं नाही, खूप जण रंग सुटावा म्हणून उकळतात, त्याने पेक्टिन सुटून वाईन कायमची गढूळ होते आणि ताज्या फळाच्या जागी जॅमचा वास येतो.

पहिला दिवस

आधी स्वच्छता. १ लिटर पाण्यात १० ग्रॅम केएमएस आणि १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, या पाण्याने बादली, चमचा, नळी, झाकण, हात लागेल ते सगळं ओलं करून दहा मिनिटं ठेवायचं आणि निथळायचं. खिडकी उघडी ठेवा, याचा वास नाकात झणझणतो, घरात दम्याचं कोणी असेल तर त्यांना त्या वेळी दुसऱ्या खोलीत पाठवा, आणि नंतर वाईन देतानाही तिच्यात सल्फाइट आहे हे सांगा.

चुरलेल्या जांभळांवर पाणी ओता (उकळून गार केलेलं), त्यात ९०० ग्रॅम साखर विरघळवून घ्या. आता केएमएस. ५ लिटरला अर्धा ग्रॅम पुरतं, पण स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर अर्धा ग्रॅम दिसतच नाही, आणि चिमूट म्हटलं तर कुणाची चिमूट. म्हणून १० ग्रॅम केएमएस पाण्यात विरघळवून ते मिश्रण १०० मिली करा, त्यातले औषधाच्या सिरिंजने ५ मिली काढले की बरोबर अर्धा ग्रॅम. ही बाटली घट्ट बंद करून ठेवली तर थोडे दिवस चालते, पण हळूहळू जोर जातो, प्रत्येक बॅचला ताजी केलेली बरी. यामुळे फळाच्या सालीवरचे रानटी यीस्ट आणि जिवाणू गप्प बसतात. ताडीत रानटी यीस्टच काम करतं आणि तिथे ते चालतं कारण ताडी त्याच दिवशी प्यायची असते, वाईनला सहा महिने टिकायचंय.

बादलीवर कापड बांधून ठेवा. बारा तासांनी पेक्टिनेज पाकिटावर लिहिलंय तेवढं घाला, केएमएसबरोबर लगेच घातलं तर त्याचा जोर कमी होतो. चोवीस तास झाले की हाताला लागतील तेवढ्या बिया काढून टाका आणि मापाला लागा.

हायड्रोमीटरच्या नळीत गाळलेला रस घ्या. तुम्हाला १.०८५ ते १.०९० हवंय (साधं पाणी १.००० दाखवतं), बहुतेक वेळा १.०७५-८० दिसेल. साडेपाच लिटरला १५० ग्रॅम साखर घातली की आकडा साधारण दहा पॉइंटने चढतो, म्हणजे १.०७८ चा १.०८८. थोडी थोडी घाला, ढवळा, परत मोजा. एक गोष्ट इथे बरेच जण विसरतात, हायड्रोमीटर सहसा २० अंशांवर बरोबर असतो, आपल्याकडे रस ३० अंशांवर असतो तेव्हा तो दोन-तीन पॉइंट कमी दाखवतो, १.०८५ दिसलं तर धरा १.०८७-८८. आकडा वहीत तारखेसकट लिहून ठेवा.

पीएच ३.३ ते ३.६ मध्ये असला की झालं. वर असेल तर टार्टारिक ॲसिड किंवा लिंबाचा रस थोडा थोडा. कोकमाचं आगळ घालायचा मोह आपल्या माणसांना होतोच, पण त्यात मीठ असतं, नको.

यीस्ट जागं करायला ५० मिली पाणी ३५ ते ४० अंशांचं (बोटाला कोमट, चटका नाही), त्यात २-३ ग्रॅम यीस्ट भुरभुरून पंधरा-वीस मिनिटं. फेस आला की त्यात बादलीतला दोन चमचे रस, पाच मिनिटं थांबून अजून थोडा, मग सगळं बादलीत. एकदम दहा अंशांपेक्षा जास्त फरकाच्या रसात ओतलं तर निम्मं यीस्ट धक्क्यानेच मरतं.

बादली गार ठेवायची कशी

नाशिक-सोलापूरकडचे लोक सांगतात ओलं फडकं गुंडाळा आणि पंखा लावा. तिकडे चालतं, हवा कोरडी आहे, फडक्यातलं पाणी उडतं आणि गारवा मिळतो. गोव्यात जुलैमध्ये पाणी उडतच नाही, फडकं ओलंच राहतं, त्याला बुरशी येते आणि बादली होती तशीच गरम. इथे चालतं ते एकच, मोठ्या टबात पाणी भरून त्यात बादली उभी करायची आणि पाण्यात एक लिटरची गोठवलेली बाटली सकाळी एक, रात्री एक सोडायची. बादलीच्या आत थर्मामीटर घालून बघा, बाहेरचा आकडा उपयोगाचा नाही. २४ ते २८ च्या मध्ये राहिलं की जांभळाला छान. ३० च्या वर गेलं की फळाचा वास हवेत उडून जातो आणि यीस्ट तडफडायला लागलं की नेलपॉलिशसारखा किंवा सडक्या अंड्यासारखा वास येतो. टबाचा अजून एक फायदा, मुंग्या. साखरेची बादली आणि गोव्यातलं घर म्हणजे मुंग्यांना आमंत्रण, चहूबाजूंनी पाणी असलं की त्या येऊ शकत नाहीत. जुनं मातीच्या भिंतींचं घर असेल तर कोठीची खोली बघा, नव्या फ्लॅटपेक्षा तिथे हमखास गार असतं.

बारा ते चोवीस तासांत बुडबुडे आणि फसफस सुरू होते आणि सालं वर येऊन जाड टोपी बनते. ही टोपी दिवसातून दोनदा स्वच्छ चमच्याने खाली दाबायची. का, तर रंग आणि टॅनिन सालीत आहेत आणि ते रसात बुडल्याशिवाय उतरत नाहीत, शिवाय कोरड्या राहिलेल्या टोपीवर चिलटं बसतात आणि ती पायांना व्हिनेगरचे जिवाणू घेऊनच येतात. पावसाळ्यात चिलटं कुठून येतात देव जाणे, कापड रबराने घट्ट बांधा. आणि काहीही झालं तरी या काळात झाकण हवाबंद करू नका, कार्बन डायऑक्साइड कोंडला की बादली फुटते आणि जांभळाचा डाग भिंतीवरून रंग दिल्याशिवाय जात नाही.

डीएपी एकूण ३-४ ग्रॅम, निम्मं फसफस सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी, निम्मं आकडा १.०६० च्या आसपास आला की. जुन्या रेसिपीतले गहू आणि मनुका हे यीस्टला खाद्य मिळावं म्हणूनच घालतात, पण त्यातून फार काही मिळत नाही आणि गव्हाने वाईन गढूळ मात्र होते.

गाळणं आणि वाट बघणं

चार ते सहा दिवसांत आकडा १.०२० ते १.०१० वर येतो. आता मलमलमधून गाळा. कापड पिळायचा मोह होईल, हलकं दाबा, अगदी सुकं पिळलं की गाळ आणि कडवटपणा दोन्ही उतरतात. रस कारबॉयमध्ये गळ्यापर्यंत भरा, एअरलॉक लावा, उरलेला रस छोट्या बाटलीत तोंडावर सुईने भोक पाडलेला फुगा लावून ठेवा, तो पुढे भर घालायला लागतो. एअरलॉकमध्ये पाण्याऐवजी थोडी व्होडका घातली तर त्यात काही वाढत नाही.

इथून पुढे शत्रू बदलतो. बादलीत हवा चालत होती, आता हवा नको. कारबॉयमध्ये रिकामी जागा दोन बोटांपेक्षा जास्त ठेवायची नाही.

तीन ते पाच आठवड्यांनी बुडबुडे थांबतात. थांबले म्हणजे संपलं असं नाही, हायड्रोमीटर लावा, तीन दिवस सलग तोच आकडा आणि तो ०.९९८ च्या खाली असेल तर संपलं. अल्कोहोल काढायचा हिशोब सोपा, सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करून १३१ ने गुणा. १.०८८ वजा ०.९९६ म्हणजे ०.०९२, म्हणजे १२ टक्के. १.०३० वर अडकली असेल तर बहुधा मधे कधीतरी गरम झाली, कारबॉय गार जागी न्या, ताज्या ईसी-१११८ ला थोड्या रसात फसफसू द्या आणि तो जोरात असताना हळूहळू घाला.

खाली मऊ चिखलासारखा गाळ बसलेला असतो, मेलेलं यीस्ट. सायफनने वरची वाईन दुसऱ्या भांड्यात काढा, नळीचं टोक गाळाच्या वर आणि दुसरं टोक नव्या भांड्याच्या तळाशी, धबधब्यासारखी पाडू नका. सिरिंजने परत ५ मिली केएमएसचं पाणी. मग दर दोन-तीन महिन्यांनी हेच, गाळ दिसला की काढा, वर भर घाला.

या टप्प्यावर चाखाल तर तोंड आखडेल. घाबरू नका, जांभळाचं टॅनिन सहा महिने मागतं. अंड्याचा पांढरा बलक घालतात तो यासाठीच, त्यातलं प्रोटीन टॅनिनला धरून खाली बसतं, फक्त आपल्याकडे भरणीत एक अख्खा बलक ओततात आणि तेवढ्यात २०-३० लिटरचं काम होतं. पाच लिटरला एक छोटा चमचा पांढरा बलक चिमूटभर मीठ घातलेल्या पाण्यात विरघळवून पुरे, आणि दोन आठवड्यांत सायफन करून काढायचा. शाकाहारी घरात काही घालू नका, थांबा.

गोड हवी असेल तर

बहुतेकांना हवीच असते, गोव्यात पोर्ट म्हणून मिळणाऱ्या गोड वाईनची जीभेला सवय आहे. खरं पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातलं, त्यात आंबणं अर्ध्यावर असताना द्राक्षाचं कडक स्पिरिट घालून यीस्ट थांबवतात म्हणून साखर उरते. घरी कुणीतरी हमखास सुचवतं की मग फेणी घालू, घालून बघा, जांभूळ शोधून सापडणार नाही.

सोपा मार्ग असा: वाईन पूर्ण नितळ झाली की लिटरमागे ०.२ ग्रॅम पोटॅशियम सॉर्बेट आणि सोबत केएमएस, दोन दिवसांनी साखरेचा पाक चाखत चाखत, मग दोन आठवडे कारबॉयमध्येच ठेवून फसफस नाही याची खात्री, आणि मगच बाटल्या. सॉर्बेटशिवाय साखर घालून बाटली बंद केली तर उरलेलं यीस्ट जागं होतं आणि बाटली फुटते, काच उडते, हे गमतीने घ्यायचं नाही. त्याहून सोपं म्हणजे वाईन कोरडीच, म्हणजे साखर न उरलेली, भरा आणि ज्याला गोड हवी त्याने ग्लासात पाक घालावा.

पुढच्या वर्षी कार्निव्हलच्या सुमारास बाटल्या भरा. गडद रंगाच्या घ्या, उजेडात जांभळाचा रंग विटकरी होतो. बूच मारायचं मशीन नसेल तर घट्ट झाकणाच्या बाटल्या चालतात. ठेवायच्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, स्वयंपाकघरात नाही, आणि मेचा उन्हाळा यायच्या आत फ्रिजमध्ये जागा करता आली तर उत्तम.

वर पांढरी पातळ साय आली असेल तर हवा शिरलीय, साय काढा, केएमएस द्या, भर घाला, ती लवकर पिऊन टाका. व्हिनेगरचा वास पक्का असेल तर ती वाईन परत येत नाही, तिला व्हिनेगरच होऊ द्या: जवळजवळ तेवढंच पाणी घालून रुंद तोंडाच्या बरणीत, वर कापड, दोन महिने. विंदालूला बाजारच्या व्हिनेगरपेक्षा कितीतरी छान लागतं. फक्त ती बरणी आणि तिचा चमचा वाईनच्या सामानापासून लांब, दुसऱ्याच खोलीत ठेवा.